मेदानचा संघ नक्की कोणाचा?

२०११-१२ च्या हंगामात इंडोनेशियातल्या मेदान शहरात पीएसएमएस नावाचे दोन फुटबॉल संघ होते. हिरवी जर्सी तीच, छातीवरचं तंबाखूचं पान तेच, घरचं मैदानही तेच. एक पीएसएमएस इंडोनेशिया सुपर लीगमध्ये खेळत होता आणि दुसरा इंडोनेशिया प्रीमियर लीगमध्ये. देशाच्या फुटबॉल संघटनेत, म्हणजे पीएसएसआयमध्ये, फूट पडून दोन समांतर लीग चालू झाल्या होत्या. दोन्हीकडे आपला संघ हवा म्हणून मेदानमधल्या दोन गटांनी एकेक पीएसएमएस उभा केला. घरात वाटण्या झाल्यावर भाऊ अंगणात भिंत घालतात तसा हा प्रकार होता, फक्त इथे भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाटी एकाच नावाची. या फुटीच्या वेळी पीएसएसआयच्या अध्यक्षपदी होते जोहार आरिफिन हुसिन. उत्तर सुमात्राचेच, आणि उमेदीच्या काळात पीएसएमएसकडून खेळलेले.

लोकांना या दोन संघांचा किस्सा गमतीचा वाटतो. मला त्यात एक सरळ प्रश्न दिसतो. नावावर दोघांनी हक्क सांगितला आणि तो खोटा ठरवेल असा मालकच जागेवर नव्हता, हे झालं कसं? सहा वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला संघ गेल्या दीड दशकाचा बहुतेक काळ दुसऱ्या श्रेणीत का अडकला, याचं उत्तर मैदानावर कमी आणि या प्रश्नात जास्त आहे.

आधी नाव समजून घेऊ. पीएसएमएस म्हणजे ‘पर्सातुआन सेपाक बोला मेदान दान सेकितार्न्या’, अर्थात मेदान आणि परिसराची फुटबॉल संघटना. मलय भाषेत ‘मेदान’ म्हणजे आपलं मैदानच. फारसी-अरबीतून तो शब्द त्यांच्याकडेही गेला. शहराचं नाव त्यावरूनच पडलं का, यावर तिथे वाद आहेत. काही जण ते कारो भाषेतल्या शब्दाशी जोडतात. आपल्या कामाचा शब्द मात्र ‘संघटना’ हा आहे. पीएसएमएस जन्मली तेव्हा ती क्लब नव्हती. शहरातल्या अनेक लहान क्लबांनी मिळून केलेली ती संघटना होती. तिच्या घटक क्लबांचे सामने आपसांत व्हायचे आणि त्यांतून निवडलेला संघ शहराच्या नावाने दुसऱ्या शहरांशी भिडायचा. या शहरी स्पर्धेचं नाव पर्सेरिकातान.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. मुंबईचा रणजी संघ हा कुणा एकाचा क्लब नाही. तो मुंबई क्रिकेट असोसिएशनचा संघ आहे आणि असोसिएशन उभी आहे ती मैदानांवरच्या क्लबांवर. आता समजा, उद्या सरकारने सांगितलं की या रणजी संघाने स्वतःची कंपनी काढावी, प्रायोजक शोधावेत, खेळाडूंना व्यावसायिक करारावर घ्यावं आणि सरकारी पैशाला हात लावू नये. कंपनीचे शेअर कोणाच्या नावावर टाकायचे? कांगा लीग खेळणाऱ्या प्रत्येक क्लबाच्या? असोसिएशनच्या अध्यक्षाच्या? की जो चेकबुक घेऊन येईल त्याच्या? मेदानला हाच प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर तिथे कधीच नीट दिलं गेलं नाही.

पीएसएमएसची स्थापना २१ एप्रिल १९५० ची. संस्थापक क्लबांपैकी एक होता देली मात्सखापाय या डच तंबाखू कंपनीच्या नावाचा. शहर वाढलंच मुळी त्या कंपनीच्या जोरावर. याकोब निनहाउस या डच माणसाने देलीच्या सुलतानाकडून जमीन मिळवून तंबाखू लावली आणि १८६९ मध्ये कंपनी उभी राहिली. या पानाची मागणी विडीसाठी नव्हती, सिगारवर बाहेरून गुंडाळायच्या सर्वांत वरच्या पानासाठी होती. पातळ, लवचीक, एकसारख्या रंगाचं पान. एकदा पीक काढलं की तीच जमीन सात-आठ वर्षं पडीक ठेवायची, एवढे त्या पिकाचे नखरे. मळ्यांवर राबायला चिनी आले, जावाचे लोक आले, तमिळ आले. आज कांपुंग मद्रास म्हणून ओळखली जाणारी वस्ती आणि तिथलं १८८४ चं मारियम्मनचं देऊळ ही त्याचीच खूण. संघाच्या बोधचिन्हावर तंबाखू आहे ती म्हणून. टोपणनाव मात्र ‘आयाम किनांतान’, म्हणजे झुंजीचा पांढरा कोंबडा.

खेळाची पद्धतही कोंबड्यासारखीच. तिथले लोक तिला ‘रॅप-रॅप’ म्हणतात: अंगावर धावून जायचं, चेंडू लवकर पुढे ढकलायचा, आणि टक्कर झाली तर झाली. ‘इनी मेदान, बुंग!’ हे तिथलं पेटंट वाक्य. ‘हे मेदान आहे, राव!’ असं त्याचं मराठी करता येईल. जावाची माणसं मृदू बोलतात, आम्ही तोंडावर बोलतो, असा त्यातला सूर.

या पद्धतीला फळ भरपूर आलं. १९६७, १९६९ आणि १९७१ अशा तीन विजेतेपदांनी सुरुवात झाली. १९६७ मध्येच संघ ढाक्याला गेला आणि आगाखान गोल्ड कप जिंकून आला. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानात होतं. (मुंबईत आगाखान कप म्हटलं की जुन्या माणसांना हॉकी आठवते, ढाक्यात फुटबॉल.) १९७० मध्ये आशियाई क्लब स्पर्धेसाठी संघ तेहरानला गेला आणि चौथा आला. रॉनी पास्ला हा गोलरक्षक याच मातीतला. १९७२ मध्ये सांतोस संघ जाकार्तात खेळायला आला तेव्हा पेलेची पेनल्टी त्याने अडवली. सामना सांतोसने ३-२ ने जिंकला, पण इंडोनेशियात आजही आठवण निघते ती अडवलेल्या पेनल्टीचीच.

१९७५ चं विजेतेपद अर्धं आहे. जाकार्ताच्या पर्सिजाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पूर्वार्धातच मारामारी झाली, सामना थांबवावा लागला आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आलं. रॅप-रॅपची दुसरी बाजू.

मग १९८३ आणि १९८५. दोन्ही वेळा समोर बांडुंगचा पर्सिब, दोन्ही वेळा निकाल पेनल्टींवर, दोन्ही वेळा पीएसएमएस विजयी. २३ फेब्रुवारी १९८५ चा सामना वेगळाच होता. जाकार्तातलं सेनायान स्टेडियम तेव्हा एक लाख दहा हजारांचं, आत शिरली दीड लाख माणसं. जागा संपल्यावर लोक कुंपण ओलांडून धावपट्टीवर उतरले आणि थेट मैदानाच्या रेषेला लागून मांडी घालून बसले. कॉर्नर मारायला खेळाडू गेला की त्याच्या पाठीशी माणसांची भिंत. पीएसएमएसने दोन गोलची आघाडी घेतली, पर्सिबने ती फेडली. जादा वेळेतही २-२. पेनल्टी शूटआऊटमध्ये मात्र कोणाचाच पाय ठिकाणावर राहिला नाही. अंतिम आकडा २-१, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून फक्त तीन चेंडू जाळ्यात गेले. पीएसएमएसचा गोलरक्षक पोनिरिन मेका त्या रात्रीचा नायक ठरला. हौशी फुटबॉलमधल्या जगातल्या सर्वांत मोठ्या गर्दींत या सामन्याची गणना होते.

हौशी हा शब्द इथे महत्त्वाचा. या दीड लाखांसमोर खेळणाऱ्या मुलांना खेळाचा पगार नव्हता. पर्सेरिकातानच्या खेळाडूला शहराच्या कचेरीत, बँकेत किंवा एखाद्या सरकारी कंपनीत चिकटवून घ्यायचं, ही तिथली रीत. आपल्याकडे क्रिकेटपटूंना टाटा, मफतलाल, निर्लॉन किंवा बँकेत नोकरी मिळायची तसंच. प्रवास, शिबिर, जेवणखाण यांचा खर्च शहराच्या तिजोरीतून निघायचा. संघटनेवर महापौर आणि राज्यपालांची सावली असायची. राज्यपाल माराह हालिम यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९७२ पासून मेदानमध्ये भरायची आणि पहिली दोन्ही वर्षं ती पीएसएमएसने जिंकली. पुढे जाकार्ताच्या राज्यपालांच्या टोपणनावाचा ‘बांग योस’ चषकही संघाने सलग तीनदा आणला. चषकांवरची नावं नुसती वाचत गेलं तरी पैसा कुठून यायचा ते कळतं.

उद्योगपतीही होते. कापडगिरणीवाले टी. डी. पार्डेडे यांनी पार्डेडेटेक्स हा क्लब काढला आणि तो गालातामा या वेगळ्या, व्यावसायिक लीगमध्ये उतरवला. हा क्लब खऱ्या अर्थाने कोणाचा तरी होता. मालक असलेला क्लब आणि शहराचा संघ अशी दोन्ही रूपं मेदानमध्ये एकाच वेळी नांदत होती. प्रेक्षक मात्र पीएसएमएसच्याच मागे.

१९९४ मध्ये पर्सेरिकातान आणि गालातामा एकत्र करून लीगा इंडोनेशिया सुरू झाली. आता परदेशी खेळाडू आले, करार आले, महिन्याचा पगार आला. पैसा मात्र जुन्याच नळाने येत राहिला: शहराच्या अंदाजपत्रकातून, अनुदान म्हणून. देशभरातल्या बहुतेक शहरी संघांचं असंच चाललं होतं. नायजेरियन किंवा ब्राझिलियन स्ट्रायकरचा पगार आणि शाळेच्या छपराची दुरुस्ती एकाच तिजोरीतून निघू लागली. २००६ मध्ये इंडोनेशियाच्या गृहमंत्रालयाने नियमावली काढली आणि अशी अनुदानं वर्षानुवर्षं चालू ठेवायला बंदी घातली. शहरं, क्लब आणि राजकारणी यांनी ओरड केली, मुदती मिळाल्या, पळवाटा निघाल्या. शेवटी २०१२ च्या अंदाजपत्रकासाठी काढलेल्या नियमांत स्पष्टच सांगितलं गेलं की व्यावसायिक फुटबॉलवर हा पैसा खर्च करायचा नाही.

नियम बरोबर होता, असं माझं मत आहे. पण तो आला तेव्हा पीएसएमएसकडे बोधचिन्ह, नाव आणि गर्दी सोडून स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं. मैदानसुद्धा नाही. तेलादान स्टेडियम १९५३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी बांधलेलं, आणि ते शहराच्या मालकीचं. ‘तेलादान’ म्हणजे आदर्श.

घसरणीची सुरुवात मात्र कळसावरून झाली. २००७ च्या हंगामात प्रशिक्षक फ्रेडी मुली यांच्या हाताखाली पीएसएमएसचा संघ फार चांगला जमला होता. गोलमध्ये मार्कुस होरिसोन, पुढे साक्तियावान सिनागा, मधल्या फळीत लेगिमिन राहार्जो. उपांत्य फेरीत पर्सिपुराला हरवून संघ अंतिम फेरीत पोचला. पण उपांत्य सामन्यांच्या वेळी जाकार्तात दंगल झाली, एका प्रेक्षकाचा जीव गेला, आणि अंतिम सामना बांडुंगजवळच्या जालाक हारुपात स्टेडियमवर प्रेक्षकांविना घ्यायचं ठरलं. १० फेब्रुवारी २००८. तेवीस वर्षांपूर्वी दीड लाख माणसांपुढे जिंकलेला संघ रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळला आणि जादा वेळेत पालेम्बांगच्या श्रीविजयाकडून ३-१ ने हरला.

त्याच सुमारास मेदानचे महापौर भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या कोठडीत गेले होते. प्रकरण अग्निशमन गाडीच्या खरेदीचं आणि शहराच्या निधीच्या गैरवापराचं होतं. फुटबॉलशी त्याचा थेट संबंध जोडायचं कारण नाही. पण ज्या संघाचा श्वास महापौरांच्या कचेरीतून चालायचा, त्याचं पुढे काय होणार ते वेगळं सांगायला नको. खेळाडू पांगले. नव्या सुपर लीगच्या निकषांत तेलादान बसेना, म्हणून ‘घरचे’ सामने परक्या शहरांत व्हायला लागले. २००९ मध्ये तर अजब झालं. हाच संघ एएफसी चषकात आशियातल्या शेवटच्या सोळांत पोचला आणि त्याच हंगामात देशातल्या लीगमधून खाली घसरला. जून अखेरच्या प्ले-ऑफमध्ये पर्सेबायाविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर संघ हरला. १९८३ आणि ८५ मध्ये ज्या पेनल्टींनी तारलं, त्यांनीच या वेळी बुडवलं.

नंतर आले ते दोन पीएसएमएस. दोन्ही संघ गाळात गेले. २०१३ मध्ये एका पीएसएमएसचे खेळाडू अनेक महिन्यांचा थकलेला पगार मागायला थेट जाकार्तात पीएसएसआयच्या दारात जाऊन बसले. मेदान ते जाकार्ता विमानाने दोन-सव्वादोन तास. ज्यांना पगारच नाही ती मुलं पदरचं भाडं खर्चून दाद मागायला इतक्या लांब गेली, कारण गावात दाद मागायची कोणाकडे तेच ठरत नव्हतं. कंपनी संघटनेकडे बोट दाखवायची, संघटना माजी पदाधिकाऱ्यांकडे. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच प्रसंग. हरण्याचं दुःख सगळ्यांच्या वाट्याला येतं. थकलेल्या पगाराची पावती कोणाच्या नावाने फाडायची हेच माहीत नसणं, ही वेगळी गोष्ट.

मालकाची रिकामी खुर्ची फार दिवस रिकामी राहत नाही. या वेळी वर्दी आली. मेदानमध्ये मुख्यालय असलेल्या लष्करी विभागाचे प्रमुख एडी राहमायादी यांनी संघाला हात दिला. मे २०१५ मध्ये फिफाने इंडोनेशियाला निलंबित केलं आणि लीग बंद पडली. त्या पोकळीत सरकारने भरवलेली पियाला कमर्देकान, म्हणजे स्वातंत्र्य चषक, पीएसएमएसने जिंकली. अंतिम सामन्यात पर्सिंगा हरला २-१ ने. लागलीच यातले बरेचसे खेळाडू सैन्यदलाच्या नव्या ‘पीएस टीएनआय’ संघात दिसले. शहराचा संघ लष्कराने उसना घेतला म्हणा ना! पुढे २०१६ मध्ये एडी पीएसएसआयचे अध्यक्ष झाले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तर सुमात्राचे राज्यपालही. पीएसएमएसचा कारभार पाहणाऱ्या किनांतान मेदान इंडोनेशिया या कंपनीवरही त्यांचा वरदहस्त होताच. देशाच्या फुटबॉलचे प्रमुख, प्रांताचे प्रमुख आणि एका क्लबचे पाठीराखे, तिन्ही एकच व्यक्ती. दूरचित्रवाणीवर मुलाखतकाराने राज्यपाल आणि पीएसएसआय अध्यक्ष या दुहेरी पदांबद्दल विचारलं तेव्हा ‘हे विचारायचं तुम्हाला काय कारण?’ अशा अर्थाचं त्यांचं उत्तर देशभर गाजलं आणि पुढे विनोदांचा विषय झालं. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी पीएसएसआयचं अध्यक्षपद सोडलं.

मधल्या काळात एक चांगलं वर्ष येऊन गेलं. २०१७ मध्ये जाजांग नुर्जामान प्रशिक्षक म्हणून आले. हे मूळचे पर्सिबचे. १९८६ च्या अंतिम सामन्यात पर्सिबचा विजयी गोल यांचाच. जुन्या वैऱ्याच्या घरचा माणूस आणून पीएसएमएस दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम फेरीत गेला, पर्सेबायाकडून ३-२ ने हरला, पण वर चढला. पुढच्या वर्षी अठरा संघांत अठरावा येऊन पुन्हा खाली.

इथे बांडुंगकडे बघायलाच हवं. १९८५ च्या त्या रात्री मैदानात असलेले दोन्ही संघ एकाच साच्यातले होते. पर्सिबही शहरी संघटना, घटक क्लबांची, महापौरांच्या कृपेवरची. नियम आल्यावर २००९ मध्ये तिथे ग्लेन सुगिता आणि इतर गुंतवणूकदारांनी कंपनी काढली. जुन्या क्लबांशी वाटाघाटी झाल्या, कुरबुरीही झाल्या, पण व्यवहार कागदावर आला. २०१४ मध्ये पर्सिब विजेता ठरला (प्रशिक्षक, पुन्हा तेच जाजांग), आणि २०२३-२४ व २०२४-२५ असा सलग दोनदाही. बांडुंग जाकार्ताच्या जवळ आहे, पश्चिम जावाचा बाजार मोठा आहे, प्रायोजकाला तिथला प्रेक्षक हवा असतो, हे सगळं खरं. मेदानला भूगोलाचा तोटा आहेच. पण मेदानही चोवीस लाखांचं शहर आहे, पामतेल आणि रबराचा पैसा तिथे खेळतो. पैसेवाले तिथेही आले. मात्र ते यायचे एका हंगामाचे यजमान होऊन, निवडणूक किंवा बढती होईपर्यंत. संघटनेच्या क्लबांनीही नाव कधी पुरतं सोडलं नाही आणि जबाबदारी कधी पुरती घेतली नाही. ‘संघ शहराचा आहे’ हे वाक्य प्रत्येक गटाने म्हटलं. माझ्या मते घात याच वाक्याने केला, कारण त्याच्या आड प्रत्येकाला लपता आलं.

दुसऱ्या श्रेणीत अडकलं की वर येणंही महाग. सुमात्रापासून पापुआपर्यंत पसरलेला देश, विमानाशिवाय हलता येत नाही, आणि प्रक्षेपणाचा पैसा सगळा वरच्या श्रेणीत. त्यात १ ऑक्टोबर २०२२ ला मलांगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये अश्रुधुरानंतर चेंगराचेंगरी होऊन १३५ जणांचा जीव गेला. सगळं फुटबॉल थांबलं. वरची लीग काही आठवड्यांनी पुन्हा सुरू झाली, दुसरी आणि तिसरी श्रेणी जानेवारी २०२३ मध्ये रद्दच करण्यात आली. ज्यांचा त्या रात्रीशी काही संबंध नव्हता अशा खालच्या संघांचा अख्खा हंगाम गेला. पीएसएमएस त्यांतलाच एक.

आता तेलादानचं नूतनीकरण काढलं आहे. जुन्या स्टँडवर बसणाऱ्या स्मेक आणि कांपाक या समर्थक गटांचे ढोल शेजारच्या देली सर्दांग जिल्ह्यात वाजतात. २०२४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी प्रांताने बांधलेलं मोठं स्टेडियम तिथे आहे. दुसऱ्या श्रेणीचं नावही आता बदलून ‘चॅम्पियनशिप’ झालंय. स्टेडियम प्रांताचं, तेलादान शहराचं, कंपनी खासगी, नाव जुन्या संघटनेचं. जर्सीवर तंबाखूचं पान आहेच, जरी देलीच्या तंबाखूच्या बहुतेक जमिनींवर आता ऊस, पाम आणि घरं उभी आहेत. आणि संघाच्या नावातला शेवटचा ‘एस’, म्हणजे ‘सेकितार्न्या’, म्हणजे परिसर, तो मात्र पंचाहत्तर वर्षांनी अक्षरशः खरा झालाय: मेदानचा संघ सध्या परिसरात खेळतो.